मागच्या दाराची गिऱ्हाइकं

९ जानेवारी

चि. बंधुराजांस,

आशीर्वाद शेवटी मिळतील, आधी कामाचं बोलू.

उजव्या बुटाची टाच घासली आहे, म्हणून जोड पाठवतेय, आणि नेहमीप्रमाणे पत्र बुटात खोचलंय. फोनवर तू "हं" म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्रात निदान तुला क्रियापदं वापरावी लागतात.

गेल्या खेपेला तू लिहिलंस की जुनी गिऱ्हाइकं एकेक करून वर चालली आहेत, नवं कुणी येत नाही, तेव्हा वर्षअखेरीस दुकानाला कुलूप लावून मोकळा होतो. आणि त्याच्या पुढचंच वाक्य, "बाकी सर्व ठीक." वडिलांनी चाळीस वर्षं चालवलेलं दुकान, दोन पायांतला फरक कुणाला कळू न देणारे बूट शिवणारं आसपास दुसरं कुणी नाही, आणि ते बंद होण्याची बातमी तू दूधवाला बदलल्यासारखी कळवतोस!

गिऱ्हाईक येत नाही कारण तू कुणाला दिसतच नाहीस. मी शाळेच्या कॉम्प्युटरवर शोधून पाहिलं. तुझी वेबसाइट म्हणजे एक पान, त्यावर वडिलांचा फोटो आणि खाली "चौकशी समक्ष करावी". समक्ष कुठे, ते लिहायचं राहिलंय. नकाशावर पाहिलं तर शेजारची लाँड्री दिसते. आजवर किती लोक पाय घेऊन आले आणि पँटला इस्त्री करून परत गेले, देव जाणे.

म्हणून मी एक एजन्सी नेमली आहे. एसइओ करणारी, म्हणजे कुणी नेटवर काही शोधलं की आपलं पान सगळ्यांच्या वर यावं, याची खटपट करणारी. सहा महिन्यांचा करार केलाय. तुझं मत विचारायचं राहून गेलं असं समजू नकोस. मी ते विचारलंच नाही. त्यांची माणसं पुढच्या आठवड्यात येतील. दाढी करून बस.

तुझ्या भल्यासाठीच करतेय, यात माझा काडीचा स्वार्थ नाही.

तुझी ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. दाढी केली होती.

तुझी एजन्सी येऊन गेली. एक बाई आणि तिच्यामागे फोटो काढणारा. बाई हुशार आहे, बोलणंही गोड, पण दर तिसऱ्या वाक्याला "पहिल्या पानावर" म्हणते. "सर, आपण तीन महिन्यांत पहिल्या पानावर असू." मला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी आधी मागे वळून पाहिलं. मी तिचं नाव पहिलं पान ठेवलंय.

तिने एक प्रश्नावली भरायला दिली. मी ती प्रामाणिकपणे भरली, हीच चूक झाली म्हणे. "तुमच्या ग्राहकाचं सर्वांत मोठं स्वप्न कोणतं?" मी लिहिलं, कुणाच्या लक्षात न येणं. "तुमच्या उत्पादनाचं वैशिष्ट्य?" लक्षात येत नाही. "ग्राहक तुमच्याबद्दल इतरांना काय सांगतात?" काही नाही. तिने ते वाचून बराच वेळ पेन चावलं. मग म्हणाली, "सर, लपवणं विकता येत नाही. दिसणं विकता येतं."

मी तिला समजावलं की आमचं गिऱ्हाईक गल्लीतून मागच्या दाराने येतं. पुढच्या दाराने फक्त वीजबिलवाला येतो. तिने वहीत लिहून घेतलं, "एन्ट्री पॉइंटचा प्रॉब्लेम".

फोटोवाल्याला ती साच्यांची भिंत फार आवडली. आवडणारच. तीनशे लाकडी पाय फळ्यांवर ओळीने उभे, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचा जोड. मी स्पष्ट सांगितलं की भिंतीचा फोटो काढायचा नाही. वडिलांनी साच्यांवर नाव कधी लिहिलं नाही, फक्त धंदा लिहिला. न्यायाधीश. गायिका. पोहायला शिकवणारा. तरीही भिंत ही घरातली गोष्ट आहे, बाहेर दाखवायची नाही. दोघांनीही मान डोलावली. तुझ्या शाळेतली पोरं तुझ्यासमोर जशी डोलावतात, अगदी तशी.

टाच बसवली आहे. आतला कॉर्कही दबला होता, तो बदलला. तू पाय ओढतेस हल्ली. जिने कमी चढ.

तुझा भाऊ


१४ फेब्रुवारी

चि. बंधुराजांस,

मी पाय ओढत नाही. कॉर्क निकृष्ट होता.

एजन्सीच्या बाईंचा मला फोन आला होता. त्यांनी फार सभ्यपणे सांगितलं की "सर थोडे रिझर्व्ह्ड आहेत". म्हणजे शाळेतल्या दगडी बाकाला "जरा अबोल आहे" म्हणावं तसंच. त्यांना हवंय ते काही आकाशातलं नाही. गिऱ्हाइकांचे दोन-चार अभिप्राय. "मी इतकी वर्षं इथले बूट वापरतो, फार समाधानी आहे", खाली नाव, जमल्यास हसरा फोटो. अशा अभिप्रायांशिवाय ते शोधयंत्र आपल्याला वर घेत नाही म्हणतात.

न्यायाधीशांना विचार. चाळीस वर्षं आपल्याकडे येतात, वडिलांच्या हातचा चहा प्यायलेत. त्यांच्या शब्दाला वजन आहे. एका माणसाने धीर केला की बाकीचे आपोआप बोलतात. लाजण्यासारखं त्यात काय आहे? पाय आहेत ते, चोरी नव्हे. मी मुलांना दर सोमवारी हेच सांगते की आपल्याबद्दलचं खरं सांगायला माणसाने कचरू नये.

आणि तो "बंद करतो" हा शब्द पुन्हा लिहू नकोस. मला त्याने झोप लागत नाही. म्हणजे, वडिलांचं दुकान म्हणून.

ताई


६ एप्रिल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार आणि अभिनंदन. आपण पहिल्या पानावर आहोत.

झालं असं की पहिल्या पानाने अभ्यास केला. नेटवर लोक काय शोधतात, त्याचा तक्ता असतो म्हणे. "आखूड पाय" वगैरे महिन्याला फार थोडे जण शोधतात. पण "उंची वाढवणारे बूट" हजारो लोक शोधतात. तिने दोन अधिक दोन केले आणि आपल्या पानावर सतरा ठिकाणी लिहिलं, "आतून उंच, बाहेरून नॉर्मल. आत्मविश्वास चार इंचांनी वाढवा." त्याच्या बाजूला वडिलांचा फोटो. ते बिचारे पाच फूट दोन इंच होते.

शनिवारी दुकान उघडायला गेलो तर बाकावर अकरा पुरुष. एकाचं लग्न ठरलंय आणि मुलगी उंच आहे. एक भाषणं देतो, पण टेबलामागून श्रोत्यांना दिसत नाही. एकाला काहीच अडचण नव्हती, त्याचा भाऊ उंच होता एवढंच. मी प्रत्येकाचे दोन्ही पाय मापले. सगळ्यांचे सारखे, दृष्ट लागण्यासारखे. मी म्हटलं, अहो, मी फरक काढतो, उंची देत नाही. नवरदेव म्हणाला, "मग फरक माझ्यात आणि तिच्यात आहे, तो काढा." त्याला हसून चहा पाजला आणि परत पाठवला.

त्या गर्दीमुळे खरं गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडावरूनच वळलं. दोघांना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या पानाने मात्र अहवाल पाठवलाय. ट्रॅफिक चौपट. शेवटी हसऱ्या तोंडाचं चित्र आहे.

न्यायाधीशांनाही विचारलं, तुझी आज्ञा म्हणून. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण निकाल अजून देतात. म्हणाले, "मी तुमच्याकडे येतो याला पुरावा काय?" मी त्यांच्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं. ते म्हणाले, "हे ग्राह्य नाही." आणि मागच्या दाराने निघून गेले.

तेव्हा ताई, माझ्या मनात एक सोपी गोष्ट आली. तू लिही की. भिंतीवरचा पहिला साचा तुझाच आहे. सात वर्षांची होतीस, डावा पाय पावणेदोन इंच आखूड राहणार असं डॉक्टर म्हणाले आणि वडिलांनी चपला शिवायचं सोडून हे काम शिकून घेतलं. दुकान सुरू झालं तेच तुझ्यासाठी. तुझे पाच साचे आहेत खालच्या फळीवर, चिमुकल्यापासून मोठ्यापर्यंत चढत्या क्रमाने. त्यांच्यावर वडिलांनी धंदा लिहिला नाही, तुला तेव्हा कसला धंदा. "आमची" एवढंच लिहिलंय.

एका माणसाने धीर केला की बाकीचे आपोआप बोलतात, असं मी एका मोठ्या शिक्षणतज्ज्ञांच्या पत्रात वाचलंय.

तुझा भाऊ


११ एप्रिल

भाऊ,

हे पत्र बुटात खोचलेलं नाही, तिकीट लावून पाठवतेय, यावरून काय ते समज.

इथे माझ्या शाळेत एकतीस वर्षांत एकाही माणसाला माहीत नाही. घरी यांना माहीत आहे आणि तुला. माझ्या मुलीलासुद्धा मोठी होईपर्यंत सांगितलं नव्हतं. मी रोज सगळ्यांच्या आधी पाऊण तास शाळेत पोचते. माझ्या वक्तशीरपणाचे दाखले देतात लोक, मागच्या वर्षी त्यासाठी सत्कार झाला, नारळाएवढी पितळी घंटा दिली. तू म्हणतोस की ती घंटा परत करून मी नेटवर माझा पाय टांगावा!

न्यायाधीशांचं वेगळं आणि माझं वेगळं. कसं वेगळं ते विचारू नकोस.

त्या उंचीवाल्यांची कामं घेत का नाहीस? दुकान चालेल. चालणं महत्त्वाचं.

ताई


३० जून

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. अडीच महिने तुझं पत्र नाही. टाचा घासल्या नाहीत, की चालणंच बंद केलंस? मी चार ओळींची दोन पत्रं लिहून फाडली. आज सगळं लिहितो, कारण लिहायलाच हवं असं घडलंय.

आधी वाईट. पहिल्या पानाने भिंतीचा फोटो लावला. मान डोलावून काढलाच होता. कोपऱ्यातून, सगळ्या फळ्या स्पष्ट, वर, पाय मोजून, मोठ्या अक्षरांत "तीनशे समाधानी ग्राहक". मी नेट कधी पाहतो? लाँड्रीवाल्याने दाखवला तेव्हा आठवडा उलटून गेला होता आणि गावभर फिरून झाला होता. आणि वडिलांची ती हुशारी, नाव न लिहिण्याची! गावात न्यायाधीश एकच. गायिका एकच. पोहायला शिकवणारा एकच. नावं लिहिली असती तर निदान एखादा नावबंधू निघाला असता. अर्धशतक आपण दोघं आणि वडील समजत होतो की आपण गुपित सांभाळतोय.

मी पहिल्या पानाला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा फोनवर क्रियापदं वापरली, बरीच. ती म्हणाली, "पण सर, एंगेजमेंट बघा ना, किती लोकांनी लाइक केलंय." दोन दिवसांनी फोटो उतरवला. रडत होती शेवटी, तेही सांगतो. तिला खरंच वाटत होतं की ती माझं भलं करतेय. अशी माणसं माझ्या नशिबात दोन आहेत.

दुसऱ्या दिवशी न्यायाधीश आले. मी उभा राहिलो, म्हटलं, आता शिक्षा ऐकायची. ते पुढच्या दाराने आले होते, ताई. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. बाकावर बसले, काठी टेकली आणि म्हणाले, "सगळ्यांना कळलंच आहे, तर तो गल्लीतला चिखल कशाला तुडवू?" शिवीगाळ काही नाही. चहा मागितला. गायिका येऊन हसून गेल्या. त्या एका जागी खिळून गातात तो लोकांना इतकी वर्षं ताठा वाटत होता म्हणे. पोहायला शिकवणारा मात्र आला नाही. त्याचा साचा मी कापडात गुंडाळून ठेवलाय. त्याची माफी कशी मागायची, ते मला अजून कळलेलं नाही.

आता खरं कारण. गेल्या आठवड्यात एक बाई आली, लांबून, सोबत सात वर्षांची मुलगी. मुलीचा उजवा पाय आखूड, सव्वा इंच. बाई तीन आठवडे नेटवर "मुलीचा एक पाय आखूड आहे, बूट" असं टाकत होती आणि नकाशावर तिला आपल्याऐवजी शेजारची लाँड्री सापडत होती. चौपट ट्रॅफिकमधून ती आली नाही. कुणीतरी हसण्यासाठी म्हणून तिला तो फोटो पाठवला होता. तिने तो मोठा करून पाहिला. इतरांनी वरच्या फळ्या वाचल्या, तिने खालची. पाच छोटे साचे, चढत्या क्रमाने, प्रत्येक जोडात एक पाय आखूड, आणि सगळ्यांवर "आमची".

मी मुलीचं माप घेतलं. आईने हळूच विचारलं, "ही 'आमची' कोण? आता केवढी आहे? कशी आहे? पळता येतं का तिला?" मी चामडं कापायच्या रापीला धार लावत बसलो. रापीला आधीच धार होती. मी म्हटलं, विचारून सांगतो. ते उत्तर माझं नाही, ताई, तुझं आहे. तू नको म्हणालीस तर मी काहीतरी सांगून वेळ मारून नेईन.

आणि हे सोबतचं खोकं बघ. त्यात तुझे चार जोड आहेत. जानेवारीच्या आधीच शिवून ठेवले होते, दुकान बंद करायचं मनात आलं तेव्हा. तीन वर्षांना एक धर, बारा वर्षांची सोय झाली, त्यापुढे तू कुठे फार पळणार आहेस. काडीचा स्वार्थ नाही असं तू लिहिलंस ना, तेव्हाच मला कळलं होतं की तुला कशाची भीती वाटतेय. मी चिडवत बसलो. तेव्हाच खोकं पाठवायला हवं होतं.

तुझा भाऊ


८ जुलै

चि. बंधुराजांस,

आशीर्वाद या वेळी आधीच घे, अनेक. चार जोड मिळाले. घालून पाहिले आणि मग दार लावून रडले. हे दाराबाहेर विचारत होते की बूट चावतायत का.

तू म्हणतोस तेच खरं. दुकानाची काळजी मला फार नव्हतीच. तू कुलूप लावलंस की माझे बूट कोण शिवणार, एवढ्यासाठी मी एजन्सी नेमली. जगाला तू दिसावास आणि मी दिसू नये, अशी माझी सोयीची योजना होती. वडिलांना कळलं असतं तर त्यांनी नुसता चष्मा पुसला असता.

आता त्या आईचं उत्तर. तिला वेगळं पत्र लिहिलंय, सोबत आहे, ते तिला दे, तू वाचू नकोस. शिवाय तुझ्या वेबसाइटवर अभिप्राय पाठवलाय. त्याची नक्कल:

"मी या दुकानाचं पहिलं गिऱ्हाईक. सेहेचाळीस वर्षं इथलेच बूट घालते. डावा पाय पावणेदोन इंच आखूड आहे. जिना चढताना दिसतं, म्हणून एकतीस वर्षं शाळेत सगळ्यांच्या आधी जात होते. लोक त्याला शिस्त समजले. पळता येतं का, असा प्रश्न आला आहे. येतं. लहानपणी भावाच्या मागे काठी घेऊन पुष्कळ पळले. आता पळत नाही, कारण मुख्याध्यापिकेने पळायचं नसतं. तक्रार एकच, दुकानदार फोनवर बोलत नाही."

खाली पूर्ण नाव आणि फोटो. हसरा नाही, तो मला जमत नाही.

तुझ्या पहिल्या पानाचा दुसऱ्याच दिवशी निरोप. अभिप्राय छान आहे मॅडम, पण "आखूड" हा शब्द काढून "उंची" घातला तर सर्चला बरं पडेल. मी कळवलंय की करार संपायला तीनच दिवस उरलेत, ते तिने विश्रांतीत घालवावेत.

सोमवारी मी घंटा झाल्यावर शाळेत गेले. सगळा जिना चढले, मुलांच्या गर्दीतून. कुणीही पाहिलं नाही, भाऊ. सगळ्यांना आपापली घाई होती. एकतीस वर्षं मी पहाटेचा गजर लावून उठत होते! एकच मुलगी थांबली आणि म्हणाली, "बाई, आज तुम्हाला उशीर झाला." काय अब्रू गेली ती एवढ्यातच गेली.

तुझी ताई


२ ऑगस्ट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझं पत्र त्या आईने इथेच बाकावर बसून वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि घडी घालून पर्समध्ये अगदी आत ठेवलं. काय लिहिलंस मला ठाऊक नाही. मुलीने मात्र मला विचारलं की तुम्ही त्या काठीला खूप घाबरत होता का. मी हो म्हटलं.

बूट तयार झाले. ती दुकानात तीन चकरा चालली, चौथीला पळाली आणि वीजबिलवाल्याला धडकली. तिचा पाय दर वर्षी वाढणार, म्हणजे आणखी दहा वर्षं माझी सुटका नाही. कुलूप आणलं होतं, ते लाँड्रीवाल्याला देऊन टाकलं.

मग साच्यावर काय लिहायचं ते आलं. मी तिला सांगितलं, इथे नाव लिहीत नाहीत, मोठेपणी काय होणार ते सांग, तेच लिहितो. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं तू गृहपाठ न करणाऱ्याकडे पाहत असशील. म्हणाली, "का? माझं नाव आहे ना मला. तेच लिहा."

लिहिलं. पूर्ण, आडनावासकट, शाईने, आणि साचा तुझ्या पाच साच्यांच्या शेजारी ठेवला. काय नाव ते पत्रात सांगत नाही, येऊन वाच. आणि ताई, पुढच्या दाराने ये.

तुझा भाऊ